लढाईला न पोचलेलं जहाज

नौदलात मी ज्या जहाजावर होतो ते कुठल्याच लढाईला वेळेवर पोचलं नाही. गावात हे मी कितीदा तरी सांगितलं आहे, आणि दर वेळी ऐकणाऱ्यानं माझ्या पाठीवर हात ठेवून हसून मान हलवली आहे.

जहाज तसं ऐऱ्यागैऱ्या जातीचं नव्हतं. दुसऱ्या महायुद्धात ते परदेशात बांधलं गेलं होतं. शत्रूच्या किनाऱ्यावर फौज उतरली की तिच्या मागोमाग जे जे लागतं ते पोटात घालून न्यायचं, हे त्याचं काम. जीपगाड्या, दारूगोळा, तंबू, पीठ, प्यायचं पाणी. डेकवर लहान होड्या बांधलेल्या असत. किनारा जवळ आला की यारीनं, म्हणजे जहाजावरच्या क्रेननं, होड्या पाण्यात सोडायच्या, सामान त्यांत उतरवायचं आणि होड्या थेट वाळूवर चढवायच्या. आमच्याकडं येण्याआधी त्यानं ते खरोखर केलं होतं. उजव्या अंगाला, पाण्याच्या जरा वर, पत्र्याला एक मोठं ठिगळ होतं. तिथं म्हणे तोफेचा गोळा लागला होता. नवा खलाशी आला की जुने लोक त्याला पहिल्यांदा ते ठिगळ दाखवत, जसं काही ते स्वतः तेव्हा जहाजावर होते.

आपल्या नौदलात आल्यावर मात्र त्याच्या नशिबी हमालीच आली. अंदमानला सिमेंट आणि पत्रे. एकदा शेळ्या, त्यांचा वास डेकवरून जायला किती धुतलं तरी पावसाळा उजाडावा लागला. पुरात बुडालेल्या एका किनाऱ्यावर धान्याची पोती. गोवा सोडवला त्या वेळी आम्ही जीपगाड्या आणि रसद भरून निघालो, तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता खरी लढाई बघायला मिळणार. मी यारीच्या यंत्रावर होतो. पोचलो तर सगळं आटोपलेलं. आपलेच जवान वाळूवर चहा पीत बसले होते. आमची पहिली होडी किनाऱ्याला टेकली तेव्हा त्यांच्यातला एक जण पाण्यात दोन पावलं येऊन विचारतो, कांदे आणलेत का. आणले होते.

आणि चीनची लढाई झाली तेव्हा जहाज मुंबईत सुक्या गोदीत होतं. सुकी गोदी म्हणजे पाणी काढून टाकलेला मोठा दगडी हौद. त्यात जहाज लाकडाच्या ठोकळ्यांवर उभं करतात आणि खालून-वरून दुरुस्त करतात. तिकडं बर्फात माणसं मरत होती आणि मी दोरीच्या झोपाळ्यावर बसून छोट्या हातोडीनं पत्र्यावरचा गंज ठोकून काढत होतो. ठोकायचं, घासायचं, शेंदरी रंगाचा हात मारायचा. जेवायच्या सुट्टीत रेडिओभोवती गर्दी व्हायची. बातम्या संपल्या की कुणी कुणाच्या तोंडाकडं न बघता पुन्हा आपापल्या झोपाळ्यावर जायचं.

त्या हिवाळ्यात मला रजा मिळाली. अब्बांनी पत्रात एकच गोष्ट लिहिली होती, की येताना वर्दीत ये.

आमचं गाव सोलापूरच्या पलीकडं, लोहाऱ्याजवळ. पाणी म्हणजे विहिरीतलं, नाहीतर पावसाळ्यापुरतं ओढ्यातलं. अशा गावचा मुलगा समुद्रावर गेला तो अब्बांमुळं. अब्बा शिंपी. निजामीच्या शेवटच्या दिवसांत गावोगाव निजामाच्या बाजूची जी खाकीतली माणसं दहशत घालत फिरत होती, त्यांनी एकदा कापडाचा तागा आणून अब्बांच्या मशीनवर टाकला. अब्बांनी कपडे शिवून दिले. शिंपी दुसरं काय करणार, आणि त्या माणसांना नाही कोण म्हणणार. पण पोलीस अॅक्शननंतर, निजामी गेल्यावर, गावाला ती खाकी आठवली. आम्हाला कुणी हात लावला नाही, हेही खरं. शेजारच्या शेतकऱ्यांनी त्या दिवसांत आम्हाला आपल्या घरात ठेवून घेतलं. पण नंतर अब्बांकडं येणारं कापड कमी झालं. कोणी काही बोलत नसे. चावडीवर अब्बा गेले की बोलणं जरा वेळ थांबायचं आणि मग पीकपाण्याचं सुरू व्हायचं, एवढंच. अब्बा हळूहळू चावडीवर जायचे बंद झाले. मी मोठा झाल्यावर त्यांनी मला एवढंच म्हटलं, की तू या सरकारची वर्दी घाल.

तर मी वर्दीत गेलो. सोलापूरहून एसटीनं फाट्यावर उतरलो तर अब्बा तिथं येऊन थांबलेले. त्यांनी आधी माझी कॉलर बोटांत धरून शिलाई बघितली, मग माझ्याकडं बघितलं. वाटेत सांगितलं, की शाळेच्या पटांगणात सभा आहे, संरक्षण निधीसाठी बायका दागिने देणार आहेत, आणि सरपंच स्वतः दुकानात येऊन सांगून गेलेत की तुमच्या मुलाचा सत्कार करायचा आहे.

मी म्हटलं, "अब्बा, मी कुठं लढलो?"

ते म्हणाले, "वर्दीत हायस की न्हाय?"

गावात खरोखर लढायला गेलेला एक जण होता. माझ्या वर्गातला, शेतकऱ्याच्या घरचा. पायदळात होता. लढाई सुरू झाल्यापासून त्याचा पत्ता नव्हता. मेल्याची तार नव्हती आणि जिवंत असल्याचं पत्रही नव्हतं. त्याचे वडील पूर्वीच वारले होते. घरी आई एकटी.

सभेत पुढं खुर्च्या मांडल्या होत्या. त्यांतल्या एकीवर अब्बांना बसवलं. ते खुर्चीच्या अगदी कडेवर बसले होते, टोपी पुन्हा पुन्हा नीट करत. बायका एकेक करून पुढं येत होत्या. कुणी कानातलं दिलं, कुणी जोडवी. मग सरपंच म्हणाले की आता आपल्या वीर जवानाला ओवाळायचं, आणि ओवाळायला त्यांनी त्या माझ्या वर्गमित्राच्या आईला बोलावलं. मला वाटतं यात त्यांना तिचाही मान करायचा होता. ती पदर सावरत आली. तिनं मला कुंकू लावलं, दिवा ओवाळला. ताट धरलेला तिचा हात स्थिर होता. तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली आणि हळू म्हणाली, "सुखरूप आलास बाबा."

मला बोलायला उभं केलं. काय बोलायचं ते मी ठरवलं नव्हतं. मी म्हटलं, "मी लढलो नाही. लढाई चालू होती तेव्हा आमचं जहाज मुंबईला दुरुस्तीला होतं. मी गंज काढत होतो. लढायला गेला तो या मावशींचा मुलगा. ओवाळायचं तर त्याच्या नावानं ओवाळा."

मग सरपंच उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले की खरा शूर माणूस असंच बोलतो, स्वतःचं सांगत नाही. आणि टाळ्या सुरू झाल्या. इतक्या टाळ्या त्या शाळेत मी पूर्वी ऐकल्या नव्हत्या. माझ्या गळ्यात दोन हार होते, झेंडूचे. मला ते काढून ठेवायचे होते, पण हात वर जाईना.

सभा संपल्यावर आम्ही घरी निघालो. आम्ही घरात दखनी बोलतो, बाहेर मराठी. मशिदीच्या वळणावर अब्बा थांबून म्हणाले, "कायकू बोल्या बेटा?"

मी म्हटलं, जे खरं ते बोललो.

ते म्हणाले की खरं मलाही माहीत आहे. पण इतक्या वर्षांत या गावानं मला आज पहिल्यांदा पुढं बसवलं. तू गप्प राहिला असतास तर कुणाचं काय बिघडलं असतं. ते रागानं बोलले असते तर बरं झालं असतं. ते माझ्याकडं न बघता, चालता चालता, अगदी साध्या आवाजात बोलले. मी गप्प राहिलो नाही याची लाज वाटावी की टाळ्या घेऊन आलो याची, ते मला कळेना. दोन्हीचीही वाटत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मावशी आमच्या दारात आली. हातात घडी घातलेली काळी घोंगडी, तिच्या मुलाची. ती उंबऱ्याशी बसली आणि तिनं मला जहाजाचं विचारायला सुरुवात केली. त्यात माणसं बसतात का. मी म्हटलं बसतात, पण आमचं सामानाचं आहे.

"चीनला समुद्र हाय का?"

"आहे, मावशी."

"मग धरून नेल्याली माणसं परत आणायची म्हंजे जहाजच लागंल की."

मी तिला सांगितलं की आमचं जहाज तिकडं जाणार नाही. ते अजून गोदीतच आहे. आणि कैद्यांचं काय ठरतं ते आमच्यासारख्यांना कळत नाही. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं. ती काही भोळी बाई नव्हती. नवऱ्यामागं शेत एकटीनं सांभाळलेली. मग तिनं घोंगडी माझ्या पुढ्यात ठेवली.

"ऱ्हाऊ दे तुज्यापाशी. न्हाय गेलं जहाज तर पुढच्या बारीला परत आन."

मी ती घेतली. मुंबईला जहाजावर माझ्या पेटीत ती मावेना, म्हणून बिछान्याच्या पायथ्याशी ठेवली. मेंढीच्या लोकरीचा वास यायचा. सोबतचे खलाशी थट्टा करत, की याच्या गावाकडं मुंबईत बर्फ पडतो असं समजतात. मी त्यांना घोंगडी कुणाची ते सांगितलं नाही. गोदीतून जहाज बाहेर पडलं आणि पुन्हा अंदमानच्या फेऱ्या सुरू झाल्या, तरी ती तिथंच होती.

माझा वर्गमित्र पुढच्या पावसाळ्यात घरी आला. तो जहाजानं आला नाही. कैदी सुटून आले, त्यांना छावणीत ठेवून आपल्याच अधिकाऱ्यांनी चौकशा केल्या, आणि मग तो आगगाडीनं, एसटीनं आणि फाट्यापासून पायी आला. उजव्या पायाची बोटं नव्हती. बर्फानं गेली होती. हे मला अब्बांच्या पत्रातून कळलं. पत्रात एवढंच होतं, आणि खाली एक ओळ, की त्याला आणायला फाट्यावर कोणी गेलं नव्हतं.

मी पुन्हा रजेवर गेलो तेव्हा ज्वारी हुरड्याला आली होती. आल्या दिवशीच सरपंचांचा निरोप आला, की सव्वीस जानेवारीला झेंडावंदनाला वर्दीत यायचं. मी त्यांच्याकडं जाऊन म्हटलं, यंदा त्याला बोलवा. सरपंच वाईट माणूस नव्हते. त्यांनी मला चहा दिला आणि आवाज खाली आणून म्हणाले, "त्याचं येगळं हाय. हात वर करून आल्याला मानूस. पोरांम्होरं काय म्हनून हुबा करायचा?"

मी घोंगडी घेऊन त्याच्या शेतात गेलो. तो पिकातल्या उंच माळ्यावर बसून गोफणीनं पाखरं हाकत होता. नांगर धरताना तोल जातो म्हणून त्याला ते काम होतं. मला बघून तो खाली उतरला नाही, मला वर ये म्हणाला. आम्ही शेजारी बसलो. घोंगडी बघून त्यानं ओळखली आणि मांडीवर घेतली. मधूनमधून तो उठून गोफण फिरवायचा.

मी त्याला म्हटलं, तुझ्या आईनं मला ओवाळलं त्या दिवसापासून मला तुझ्यापुढं यायची लाज वाटते.

तो म्हणाला, "तुला कशाची? तू काय केलंस?"

"काहीच केलं नाही. त्याचीच."

त्यानं गोफणीत खडा भरला आणि तसाच धरून बसला. मग सांगू लागला. गोळ्या संपल्या होत्या. वरचे साहेब कुठं गेले ते ठाऊक नव्हतं. अंगावर साधे कपडे, पायात कॅनव्हासचे बूट. जवळचे दोघे बसल्या जागी थंड झाले होते. तो त्यांना हलवून हलवून बोलत होता. चिनी आले तेव्हा त्यानं हात वर केले की नाही हेही त्याला आठवत नव्हतं, कारण हाताला काही कळतच नव्हतं.

"परत आल्यावर वाटलं, कुनीतरी इचारंल, थंडी लई हुती का," तो म्हणाला. "साहेब म्हनले, तिकडं तुला काय काय शिकिवलं ते सांग. हितं आलो तर कुनी कायच इचारंना. आई बी न्हाय."

मी विचारलं, "लई होती?"

"लई," तो म्हणाला.

मग त्यानं माझं जहाज विचारलं. मी त्याला सगळं सांगितलं. ते ठिगळ, शेळ्या, गोव्याचे कांदे, गोदी. कांद्यावर तो हसला. गंज काढण्याचं मात्र त्यानं खोदून खोदून विचारलं, की गंज तसाच ठेवला तर काय होतं. मी म्हटलं पत्रा पातळ होतो, आणि एक दिवस पाणी आत येतं. तो म्हणाला, मग ते बी कुनीतरी करायलाच पायजे. तो हे मला बरं वाटावं म्हणून बोलत होता हे मला कळत होतं, आणि त्यानं मला जास्तच कानकोंडं झालं.

घरी आल्यावर मी अब्बांना सांगितलं की झेंडावंदनाला मी वर्दी घालणार नाही आणि पुढंही बसणार नाही. ते मशीनवर होते. त्यांनी पाय थांबवला नाही. मी तिथंच उभा राहून सरपंचांचं बोलणंही सांगितलं. हात वर करून आलेला माणूस, हे शब्द ऐकले तेव्हा मात्र मशीन थांबलं.

सव्वीस जानेवारीला अब्बा माझ्याआधी तयार होऊन बाहेर पडले, ठेवणीतली शेरवानी घालून. मी मनात म्हटलं, चला, त्यांची खुर्ची तरी राहू दे. मी साध्या कपड्यांत मागून गेलो. पटांगणात पुढच्या खुर्च्या होत्या, त्यांतली एक मोकळी होती. अब्बा तिथं नव्हते. ते अगदी मागं, कुंपणाच्या तारेपाशी माझ्या वर्गमित्राशेजारी उभे होते. त्याच्या घरी जाऊन तेच त्याला घेऊन आले होते. त्याचा उजवा पाय मातीवर नीट टेकत नव्हता म्हणून त्यानं एक हात अब्बांच्या खांद्यावर ठेवला होता. सरपंचांनी पुढून दोनदा हात करून अब्बांना बोलावलं. अब्बांनी मान हलवली आणि तिथंच राहिले. मी जाऊन त्यांच्या दुसऱ्या बाजूला उभा राहिलो. झेंडा वर गेला, मुलांनी राष्ट्रगीत म्हटलं, पेढे वाटले. आमच्या मागं उभं राहण्याबद्दल कोणी काही बोललं नाही. पुढं कधीही कोणी बोललं नाही. अब्बांना मात्र त्यानंतर खुर्चीचं बोलावणं आलं नाही, आणि त्यांनी तो विषय माझ्याजवळ एकदाही काढला नाही.

पासष्ट साली पाकिस्तानशी लढाई झाली तेव्हा आमचं जहाज भरून तयार होतं. सगळ्या होड्या डेकवर, दारूगोळा पोटात. आम्ही मुंबईच्या बंदरात नांगर टाकून हुकमाची वाट बघत राहिलो आणि लढाई संपली. मग भरलेलं सगळं आम्हीच पुन्हा उतरवलं. माझी मुदत संपल्यावर मी नोकरी सोडली. यारी चालवण्याचा अनुभव होता, म्हणून ढोकीला साखर कारखान्यात उसाच्या मोळ्या उचलणाऱ्या क्रेनवर लागलो. तिथंही लोक मला मिलिटरीवाले म्हणत. नौदल आणि फौज यांतला फरक सांगायचं मी सोडून दिलं होतं.

एका जुन्या सोबत्यानं कळवलं की जहाज मोडीत निघालंय, मुंबईत दारूखाना म्हणून भाग आहे तिथल्या किनाऱ्यावर तोडतायत. मी माझ्या वर्गमित्राला विचारलं, येतोस का बघायला. त्यानं समुद्र कधी बघितला नव्हता. गळीत हंगाम संपल्यावर आम्ही गेलो. चिखलात जहाज अर्धं उभं होतं. पुढचा भाग नव्हताच. पोटातले मजले उघडे पडले होते, भिंत पडलेल्या घरासारखे. माणसं गॅसनं पत्रे कापत होती. त्यानं विचारलं, तू गंज काढलास ती जागा कुठली. मी शोधली. ती बाजू कापून नेलेली होती, गोळ्याच्या ठिगळासकट. मी हातानं हवेत दाखवलं, तिथं होती. त्यानं त्या हवेकडं बराच वेळ बघितलं आणि मग समुद्राकडं तोंड करून एका दगडावर बसला. आम्ही घरून आणलेल्या भाकरी खाल्ल्या.

परत येताना सोलापूरला एसटी भरलेली होती. कंडक्टर आमच्या भागातला. त्यानं मला ओळखलं आणि एका पोराला उठवून म्हणाला, "बसा मिलिटरीवाले." मी म्हटलं, यांना बसू द्या, यांचा पाय दुखतोय. तो बसला. कंडक्टरनं तिकीट फाडताना त्याच्या पायाकडं बघितलं आणि बोटं कशानं गेली म्हणून विचारलं.

"थंडीनं," तो म्हणाला.

कंडक्टर हसला. म्हणाला, आपल्याकडं कुठली आली एवढी थंडी. तोही हसला, आणि तिकीट खिशात घालून डोळे मिटून बसला. कुठली थंडी ते मला सांगता आलं असतं. मी दांडी धरून उभा होतो, पुढं नळदुर्गपर्यंत.